सव्वा महिन्याच्या आधी

"एवढ्याशा जिवाचे डोळे काय तपासायचे? त्याला अजून दिसतं तरी कुठे?" बाळ-बाळंतीण घरी निघाली की कुणीतरी हे विचारतंच, आणि प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. दिवसातला बहुतेक वेळ झोपलेलं, जागं असलं तरी डोळे किलकिले करून पडलेलं बाळ पाहून दुसरं काय वाटणार? वजन झालं, बीसीजी टोचली, पोलिओचे थेंब पाजले, कावीळ बघितली. डोळ्यांचं पुढे शाळेत घालताना बघू, असा विचार होतो. हे प्रकरण या 'पुढे बघू'विषयी आहे. बाळाच्या डोळ्यांची पहिली तपासणी प्रसूतिगृहातून निघण्याआधी व्हायला हवी. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दुसरी, जास्त बारकाईची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हायला हवी. या दोन तारखा चुकल्या तर काही आजारांत पुढे जगातला कितीही मोठा डॉक्टर गाठला तरी गेलेली नजर परत मिळत नाही. असं का होतं, ते एकेक पायरी चढत समजून घेऊ.

१. आजोबांचा मोतीबिंदू आणि नातवाचा

साठी उलटलेल्या आजोबांना मोतीबिंदू झाला तर ते वर्षभर थांबू शकतात. पावसाळा जाऊ दे, नातीचं लग्न होऊ दे, मग ऑपरेशन करू, असं म्हणतात. वर्षभराने डोळ्यातलं गढूळ भिंग काढून नवं बसवलं की चार दिवसांत पेपर वाचायला लागतात. आता हाच मोतीबिंदू जन्मतःच घेऊन आलेलं बाळ डोळ्यांपुढे आणा. त्याचंही ऑपरेशन दोन-तीन वर्षांनी केलं, अगदी नीट झालं, तरी ते आजोबांसारखं पाहू शकणार नाही. भिंग काढलं, आतला पडदा निरोगी आहे, चष्मा दिला आहे आणि तरी नजर अधू ती अधूच.

फरक डोळ्यात नाही, मेंदूत आहे. डोळा उजेड आत घेतो. त्या उजेडाचं चित्र लावण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागात चालतं, आणि ते काम मेंदूला शिकावं लागतं. आजोबांच्या मेंदूचं हे शिक्षण त्यांच्या बालपणीच पुरं झालेलं असतं. बाळाचं शिक्षण जन्मल्या दिवशी सुरू होतं. नवजात बाळाला दूरचं दिसत नाही हे खरं, पण वीत-दीड वीत अंतरावरचं म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याएवढ्या अंतरावरचं त्याला दिसतं. त्या चेहऱ्याचं अंधूक चित्र दिवसातून दहा-बारा वेळा मेंदूपर्यंत पोहोचतं आणि तिथल्या पेशींची एकमेकींशी जुळणी होत जाते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एका डोळ्याची पापणी बंद ठेवली, तर नंतर ती उघडूनही त्या डोळ्याला मेंदूकडून दाद मिळत नव्हती. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला तर मात्र काहीच बिघडत नव्हतं. या कामासाठी दोघांना १९८१चं नोबेल पारितोषिक मिळालं.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मृगात पेरायचं बियाणं कार्तिकात पेरलं तर बियाणं तेच, जमीन तीच, पण पीक येत नाही. नजरेचाही हंगाम असतो. जन्मजात मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर ऑपरेशन साधारण सहा आठवड्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या आत व्हावं, असं डॉक्टर सांगतात ते म्हणूनच. एका डोळ्याची घाई जास्त, कारण चांगला डोळा मेंदूतली सगळी जागा बळकावतो आणि दुसऱ्याला तिथे थारा उरत नाही. आणि सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हायचं तर दोष त्याच्याही आधी सापडायला हवा. बाळ बोलत नाही, अडखळत नाही, पुस्तक नाकाशी धरत नाही. दोष आहे हे कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कुणीतरी मुद्दाम पाहणं.

२. बाहुलीतला तांबूस उजेड

हे मुद्दाम पाहणं फार सोपं आहे. रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातले लग्नाचे फोटो आठवा. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत माणसांच्या डोळ्यांच्या बाहुल्या लालभडक यायच्या आणि फोटो बिघडला म्हणून हळहळ व्हायची. तो लाल रंग म्हणजे डोळा आतून स्वच्छ असल्याची खूण होती. फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत शिरतो, मागच्या रक्ताने भरलेल्या पडद्यावर आपटून त्याच वाटेने परत येतो, येताना तांबडा होऊन येतो. वाटेत काही आडवं आलं नाही तरच तो बाहेर पडतो.

नवजात बाळाची पहिली तपासणी म्हणजे हेच. खोलीतला दिवा मालवतात. बाळ आईच्या किंवा परिचारिकेच्या हातात असतं. डॉक्टर साधारण हातभर अंतरावरून ऑप्थॅल्मोस्कोप नावाच्या हातात मावणाऱ्या दिव्यातून दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड टाकतात आणि त्याच्या भोकातून पाहतात. दोन्ही बाहुल्या एकसारख्या उजळल्या पाहिजेत. आपल्या बाळांत हा रंग गोऱ्या देशांतल्या पुस्तकात छापलेल्या चित्राइतका लाल नसतो, नारिंगी किंवा पिवळसर झाकेचा असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. महत्त्व आहे ते दोन्ही सारख्या असण्याला. एक बाहुली उजळली आणि दुसरी काळीच राहिली, एकीत डाग दिसला, एक पांढरी चमकली, तर बाळाला त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. बाळाला स्पर्श होत नाही, टोचणं नाही, औषध नाही. वेळ लागतो एक-दोन मिनिटं. हे उपकरण हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी जर्मनीत १८५१ साली घडवलं. पावणेदोनशे वर्षं जुनं साधन आहे. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही, लागते ती सवय.

या एका उजेडात कितीतरी गोष्टी सापडतात. मोतीबिंदू तर सापडतोच. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला असेल तर तो बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू सोडून जातो, हे सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवलं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली, तिच्यामागे हेही एक कारण होतं. पण सगळ्यांत गंभीर असतो तो पांढरा रंग. मांजराच्या डोळ्यासारखी चमकणारी पांढरी बाहुली हे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं. या आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. पंधरा ते अठरा हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. वेळेत सापडला तर श्रीमंत देशांत शंभरातली पंचाण्णवहून जास्त मुलं जगतात, पुष्कळांचा डोळाही वाचतो. उशीर झाला तर प्रश्न नजरेचा राहत नाही, जिवाचा होतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा कर्करोग बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढतो, त्यामुळे जन्माच्या वेळचा तांबूस उजेड म्हणजे कायमची हमी नव्हे. दीड महिन्याच्या, साडेतीन महिन्यांच्या, नऊ महिन्यांच्या लसीला बाळ येतं तेव्हा हाच दिवा पुन्हा एकदा दाखवला पाहिजे. आणि घरी मोबाइलवर फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एकच बाहुली वारंवार पांढरी येत असेल, तर तो फोटो पुसून टाकू नका. तोच घेऊन डॉक्टरकडे जा.

उजेडाशिवाय नुसत्या नजरेनेही दिसणारे दोष आहेत. त्यांतला एक आपल्याकडे कौतुकात लपतो. "काय टपोरे डोळे आहेत हो!" असं बारशाला येणारी प्रत्येक बाई म्हणते. पण बाळाचं बुबुळ वाजवीपेक्षा मोठं आणि धुरकट दिसत असेल, उजेडात डोळे घट्ट मिटत असतील आणि रडू नसतानाही सारखं पाणी येत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्यातला दाब वाढलेला असतो आणि तान्ह्या डोळ्याची भिंत मऊ असल्यामुळे डोळा फुग्यासारखा ताणला जाऊन मोठा दिसतो. नवजात बाळाच्या बुबुळाची रुंदी दहा मिलिमीटरच्या आसपास असते. बारा झाली की शंका घ्यायची. प्रत्येक टपोरा डोळा आजारी नसतो, पण टपोरेपणाला पाणी आणि उजेडाचा त्रास यांची जोड असेल तर बारसं होईपर्यंतही थांबू नये.

जाता जाता काजळाविषयी. दृष्ट लागू नये ही आजीची काळजी खरी असते. पण काजळ घालणाऱ्या बोटाबरोबर जंतू आत जातात, नख लागून बुबुळाला इजा होते, आणि बाजारात मिळणाऱ्या काही सुरम्यांत आणि काजळांत शिसं आढळलेलं आहे. तीट कपाळाला लावावी, गालाला लावावी, तळपायाला लावावी. डोळ्याच्या आत काहीही घालू नये, मध नको, तूप नको, आईचं दूधही नको.

३. काचेच्या पेटीतलं बाळ

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. प्रभादेवी स्थानकावर उतरून पूल ओलांडला की परळ लागतं. तिथून थोडंसं चाललं की आचार्य दोंदे मार्गावर १९२६ साली सुरू झालेलं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९चं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आणि केईएम. गिरणगावातल्या कित्येक पिढ्या या रस्त्यावर जन्मल्या. शंभर वर्षांपूर्वी इथे सातव्या महिन्यात जन्मलेलं दीड किलोचं बाळ सहसा वाचत नसे. आज वाचतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशियातली पहिली. अशक्त बाळांना आईचं दूध मिळू लागलं. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रं आली, संसर्गावरची औषधं आली. केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, आणि त्या वाटेने पुढे जुळी-तिळी वाढली. जुळी-तिळी बहुधा दिवस भरण्याआधीच जन्मतात. २०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. यांतली जी वाचतात त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांत एक आजार उद्भवतो. आपली वैद्यकी पुढे गेली म्हणूनच तो दिसू लागला आहे. पूर्वी ही बाळंच हाती लागत नव्हती. डॉक्टर त्याला आरओपी म्हणतात. सोप्या भाषेत, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार.

तो समजून घ्यायला मुंबईचा नळ उपयोगी पडेल. डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या चौथ्या महिन्यात मधोमध, नेत्रनाडीच्या टोकाशी फुटतात आणि हळूहळू कडेकडे पसरत जातात. कडेपर्यंत पोहोचायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. म्हणजे मुख्य रस्त्यावरून आत गल्लीत, गल्लीतून चाळीत, चाळीतून शेवटच्या खोलीपर्यंत पाइप टाकायचं काम चाललेलं असावं, तसं. बाळ तिसाव्या आठवड्यातच जन्मलं की हे काम अर्ध्यात थांबतं. शेवटच्या खोल्यांपर्यंत पाइप गेलेलाच नसतो. त्यात बाळाला श्वासासाठी प्राणवायू द्यावा लागतो. गर्भात असताना बाळाच्या रक्तात प्राणवायू फार कमी असतो. बाहेर अचानक तो मुबलक मिळाला की अपुऱ्या वाहिन्या आणखी आकसतात. काही आठवड्यांनी पडदा मोठा होतो, त्याची भूक वाढते, आणि कडेचा कोरडा भाग रक्तासाठी हाकाटी सुरू करतो. शरीर घाईने नव्या वाहिन्या फोडतं, पण त्या वेड्यावाकड्या, कच्च्या, गळक्या असतात. त्या फुटतात, त्यांच्या जागी जखमेचे धागे तयार होतात, ते धागे आकसताना पडद्याला ओढतात आणि पडदा मागच्या भिंतीपासून सुटतो. तो सुटला की बाळ आंधळं होतं, आणि मग ऑपरेशन करूनही फारसं काही हाती लागत नाही.

पुष्कळ बाळांत हा आजार सौम्य असतो आणि आपोआप ओसरतो, हेही खरं. पण कुणाचा ओसरेल आणि कुणाचा बळावेल हे बाहेरून अजिबात कळत नाही. डोळा लाल होत नाही, सुजत नाही, पाणी येत नाही. बाहुलीत पांढरेपणा दिसू लागतो तो सगळं संपल्यावर. दुसऱ्या भागात सांगितलेला साधा दिवाही इथे पुरत नाही, कारण आजार पडद्याच्या कडेला सुरू होतो आणि तो दिवा कडेपर्यंत पोहोचत नाही.

मग प्राणवायूच द्यायचा नाही, असं कुणी म्हणेल. हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. १९४२ साली बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी जिथे प्राणवायू सढळ हाताने दिला जातो तिथे हा आजार जास्त दिसतो हे दाखवलं. तोवर जगभरातली सुमारे दहा हजार बाळं आंधळी झाली होती. १९५४ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने कॅम्पबेल यांचं म्हणणं खरं ठरवलं आणि सगळीकडे प्राणवायूवर कडक बंधनं आली. आंधळेपण घटलं, पण श्वासाअभावी बाळं दगावू लागली. एका बाळाची नजर वाचवताना सुमारे सोळा बाळं गमावली, असा हिशेब १९७३ साली एका ब्रिटिश संशोधकाने मांडला. तेव्हापासूनचा धडा असा की प्राणवायू मोजून द्यायचा, बाळाच्या पायाला लावलेल्या यंत्रावर त्याचं प्रमाण सतत पाहायचं, आणि तेवढ्यावर न थांबता डोळेही तपासायचे. काचेच्या पेटीने जीव वाचवला, त्या जिवाची नजर वाचवणं हा त्याच उपचाराचा उरलेला भाग आहे.

४. तीस दिवसांचा हिशेब

कोणत्या बाळाची तपासणी करायची? भारतातला नियम असा आहे: चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ. चौतीस ते छत्तीस आठवड्यांची बाळंही, जर त्यांना बराच काळ प्राणवायू लागला असेल, रक्त द्यावं लागलं असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. अमेरिकेत ही मर्यादा १५०० ग्रॅम आणि तीस आठवडे आहे. आपल्याकडे ती वर का? कारण आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांचीही नजर या आजाराने जाते, हे इथल्या डॉक्टरांना वारंवार दिसलं. परदेशी पुस्तकातला आकडा जसाच्या तसा लावला असता तर ही बाळं निसटली असती.

आणि केव्हा? जन्मापासून तिसाव्या दिवसाच्या आत. बाळ अठ्ठावीस आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आता एक उदाहरण घेऊन प्रत्यक्ष तारखा मांडू. समजा, परळच्या एखाद्या रुग्णालयात १० जूनला तीस आठवड्यांचं, १३०० ग्रॅमचं बाळ जन्मलं. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून वजन वाढलं, अंगावर ओढायला लागलं, आणि ३ जुलैला घरी सोडलं. घरात आनंद आहे, आणि बाळंतिणीला माहेरी, समजा कणकवलीला, न्यायचं ठरलं आहे. डोळे तपासायची शेवटची तारीख १० जुलै. त्या दिवशी बाळ कणकवलीजवळच्या वाडीत, खिडक्या लावलेल्या खोलीत आहे. सव्वा महिना पुरा होतो १८ जुलैच्या सुमाराला. तोवर बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही अशी रीत. दीड महिन्याची लस येते २२ जुलैला. तोवर आजार बळावला असेल तर उपचाराची वेळ निघून गेलेली असू शकते, कारण उपचाराची गरज आहे असं दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत तो करावा लागतो, आणि काही बाळांत त्याहूनही लवकर.

सव्वा महिन्याची रीत वाईट नाही. थकलेल्या आईला विसावा आणि नाजूक बाळाला लोकांच्या गर्दीपासून आडोसा, असा तिचा अर्थ आहे आणि तो आजही पटण्यासारखा आहे. पण ती रीत पडली तेव्हा दीड किलोची बाळं सव्वा महिना जगत नव्हती, म्हणून त्यांच्या डोळ्यांसाठी तिच्यात जागा ठेवलेली नाही. आजीनेच ती ठेवावी. सटवाई पाचव्या-सहाव्या दिवशी बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते असं आपण मानतो. तिसाव्या दिवसाच्या तपासणीने त्यातल्या एका ओळीवर आपल्यालाही हात फिरवता येतो.

तारीख हुकण्याची किंमत काय असते, ते कोर्टाच्या कागदांत नोंदलेलं आहे. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एकोणतीस आठवड्यांची, १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. पंचविसाच्या आसपास दिवस तिथे ठेवून तिला घरी सोडलं. डोळे तपासायला हवेत हे आई-वडिलांना सांगितलं गेलं नाही. मुलगी साडेचार महिन्यांची झाल्यावर दोष ध्यानात आला, तेव्हा उपाय उरला नव्हता. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कुटुंबाला एकूण १ कोटी ८० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. आकडा मोठा आहे, पण माझ्या मते निकालातली खरी मोलाची गोष्ट पैसे नाहीत. तपासणीविषयी आई-वडिलांना सांगणं हे रुग्णालयाचं कर्तव्य आहे, हे देशाच्या सर्वोच्च कोर्टाने निःसंदिग्धपणे मांडलं.

५. "पण एवढ्या लहान बाळाला त्रास नाही का होणार?"

होतो, आणि तो लपवू नये. तपासणीच्या आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग पापण्या बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात, डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून पडदा कडेपर्यंत पाहतात. बाळ रडतं. पाहणाऱ्या आईच्या पोटात कालवतं. पण प्रत्येक डोळ्याला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. आधी डोळ्यात बधिर करणारा थेंब घालतात, जिभेवर साखरेच्या पाण्याचे किंवा आईच्या दुधाचे थेंब दिल्याने दुखणं कमी होतं, आणि अंगावर पाजून तासभर झाल्यावर तपासलं तर उलटीची भीती राहत नाही. आजार वाढलेला दिसला तर कडेच्या रक्त न पोहोचलेल्या भागावर लेसर मारतात किंवा डोळ्यात औषधाचं बारीक इंजेक्शन देतात. शेवटच्या खोल्यांची हाकाटी त्याने थांबते, नव्या वाहिन्या सुकतात, मधला, वाचायला-ओळखायला लागणारा भाग वाचतो. आणि एकदा तपासून भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचेतो दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावं लागतं. पहिल्या तपासणीत 'ठीक आहे' ऐकून पुढच्या तारखांना न जाणं ही फार घडणारी आणि फार महाग पडणारी चूक आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जन्मजात मोतीबिंदू दहा हजार बाळांमागे साधारण एक ते सहा. एवढ्यांसाठी सगळ्यांना तपासायचं? हिशेब मांडून बघा. वर्षाला लाखभर जन्म होणाऱ्या शहरात ही दहा ते साठ बाळं होतात, दर वर्षी. सत्तराव्या वर्षी दृष्टी गेलेला माणूस दहा-पंधरा वर्षं अंधारात काढतो. पहिल्या महिन्यात दृष्टी गेलेलं बाळ साठ-सत्तर. साठ बाळांची सत्तर वर्षं म्हणजे बेचाळीसशे वर्षांचा अंधार, आणि तो टाळायला प्रत्येक बाळामागे दोन मिनिटं. आरोग्यखात्यात याहून स्वस्त सौदे फार थोडे असतील.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे: तान्ह्या बाळाचा पडदा तपासू शकणारे डॉक्टर आहेतच किती? मुंबई-पुण्यात आहेत, तालुक्याला नाहीत. त्यावर वाट काढून दाखवली ती शेजारच्या कर्नाटकाने. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ पासून किडरॉप नावाचा उपक्रम चालवला. प्रशिक्षित तंत्रज्ञ खास कॅमेरा घेऊन गावोगावच्या रुग्णालयांत जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात, आणि शहरात बसलेले तज्ज्ञ ते पाहून लेसर कुणाला लागेल ते सांगतात. डॉक्टर कमी आहेत म्हणून फोटो प्रवास करतो, बाळाला करावा लागत नाही. हे सिंधुदुर्गात, नंदुरबारात, गडचिरोलीत का होऊ नये? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याच्या यादीत जन्मजात मोतीबिंदूही आहे आणि आरओपीही. कागदावर जागा आहे. ती भरायची राहिली आहे.

तपासणीने सगळं टळेल असं मात्र म्हणता येत नाही. महाराष्ट्रातल्या अंधशाळांतल्या मुलांचे डोळे तपासून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांत मोठा वाटा डोळाच नीट न घडलेल्या मुलांचा होता, आणि त्याखालोखाल बुबुळावर फूल पडलेल्यांचा. गर्भातच डोळा अपुरा राहिला असेल तर पहिल्या दिवशी कळूनही तो पुरा करता येत नाही. पण त्यातही लवकर कळण्याला अर्थ आहे. ज्या मुलाला दिसणार नाही त्याला आवाजाने, स्पर्शाने, वासाने जग दाखवायचं शिक्षण दुसऱ्या महिन्यापासून सुरू करता येतं, आणि आई-वडिलांना 'बाळ आमच्याकडे बघत का नाही' या कोड्यात वर्ष घालवावं लागत नाही. दादरला कमला मेहता अंधशाळा आहे, अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली सुरू केलेली. तिथे मुली शिकल्या, आपल्या पायावर उभ्या राहिल्या. न दिसणाऱ्या मुलासाठी शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी दार उघडलं. ज्याची नजर वाचू शकते अशा मुलाला त्या दाराशी जायची वेळ येऊ नये, इतकंच मागणं आहे.

६. डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

प्रसूतिगृहातून निघताना हातात कार्ड मिळतं. त्यावर वजन असतं, रक्तगट असतो, पुढच्या लसीची तारीख असते. त्या कार्डावर आणखी एक ओळ मागून घ्या. पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर 'दोन्ही बाहुल्यांत तांबूस उजेड पाहिला' एवढं लिहून घ्या. पाहिला नसेल तर निघण्याआधी पाहायला सांगा. बाळ काचेच्या पेटीत राहिलेलं असेल तर डोळ्यांच्या तपासणीची तारीख, ठिकाण आणि फोन नंबर लिहून घ्या, आणि माहेरचं तिकीट त्या तारखेनंतरचं काढा. माहेरी जाणं टळतच नसेल तर तिथून जवळ कुठे तपासतात ते इथेच विचारून ठेवा. आशाताई घरी येतात तेव्हा बाळ कितव्या आठवड्यात जन्मलं आणि किती वजनाचं होतं हे त्यांना आपणहून सांगा. तिसावा दिवस सव्वा महिन्याच्या आत येतो. बाळाला नीट गुंडाळा, टोपडं घाला, आणि त्या दिवशी घेऊन जा.